पुसू का, की हे तुमचं आहे?

"एका माणसाला डोकं एकच असतं, बाई. जास्तीचं दिसलं ते मी साफ केलं."

भावजींचं हे वाक्य मी जमिनीला कान लावून ऐकलेलं नाही, एवढं आधीच सांगते. आमच्या घराची जमीन लाकडी फळ्यांची, आणि खाली भावजींचं फ्रेमचं दुकान. खाली खिळा पडला तरी वर कळायचं. मी खिडकीशी बसून कुणाच्या तरी पडद्यांचे काठ दुमडून शिवत होते. भांडण ऐकायला मी गेले नाही, भांडणच वर आलं.

"जास्तीचं?" बाईमाणसाचा आवाज. तरुण, पण घोगरा. "काका, तुम्ही काय पुसलंत ते तुम्हाला कळतंय का?"

"घाण पुसली. कोळशाचे हात लागले होते चहूकडून. कानाच्या मागे आणखी एक कान, चष्म्याच्या वर आणखी एक चष्मा. कुणीतरी नीट न खोडता ठेवलेलं. मी खोडून दिलं. त्याचे वेगळे पैसेही लावत नाही मी."

"ते माझे वडील होते."

"आहेत की वडील. हे काय नाक, हे डोळे. त्यांना मी बोट लावलेलं नाही."

"जे पुसलंत तेही वडीलच होते."

भावजींनी त्यांच्या परीने समजूत घातली. "असू द्या. परत काढा. पुन्हा बसवा त्यांना समोर."

"ते आता बसायचे नाहीत."

"का, रागावलेत?"

"गेले. दोन महिने झाले."

माझी सुई तशीच हवेत राहिली. खाली पुठ्ठे गोळा केल्याचा आवाज झाला, दार उघडलं आणि लागलं. आपटलं नाही, हळूच लागलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खालून करवतीचा आवाज आला नाही, तेव्हा मला कळलं की हे भांडण भावजी हरलेत.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचे हे आणि भावजी दोघं मिळून दुकान चालवायचे. हे गेल्यावर दुकान भावजींनी एकट्याने पुढे नेलं, आणि वरच्या दोन खोल्यांत मी राहिले. लग्न त्यांनी केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "मापात बसलं नाही." गल्लीत त्यांना सगळे काटकोन म्हणत. तोंडावर काटकोनमामा, पाठीमागे नुसतंच काटकोन. उभे राहायचे ते ओळंबा सोडल्यासारखे, बसायचे तेही भिंतीला समांतर. कुणाच्या घरी पाणी प्यायला गेले तरी आधी भिंतीवरची चित्रं सरळ करायचे आणि मग पेला हातात घ्यायचे. एकदा दवाखान्यात छाती दाखवायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, श्वास घ्या. भावजी म्हणाले, आधी ते तुमचं प्रमाणपत्र डावीकडे झुकलंय ते बघतो.

कामात मात्र त्यांच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. सुताराच्या गुण्याने कोपरा तपासून झाला की लाकडाची पट्टी डोळ्यासमोर आडवी धरायचे, एक डोळा मिटायचे आणि टोकाकडून बघायचे. केसाएवढा बाक असला तरी पट्टी बाजूला. आणि स्वच्छता अशी, की काच बसवण्याआधी फोटो असो, नकाशा असो, शाळेचा दाखला असो, मऊ ब्रशने झटकायचा आणि कडेचे डाग खोडरबराने काढायचे. पूर्वी कधीतरी काचेखाली एक दोरा राहिला म्हणून गिऱ्हाईक तीनदा परत आलं होतं. तेव्हापासून चाळीस वर्षं हा नेम. पुसल्याशिवाय काच नाही. त्या नेमाने कुणाचं नुकसान होईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

ती बाई गल्लीच्या पलीकडच्या टोकाला राहायला आली होती, बंद पडलेल्या शिवणकामाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. ती कोळशाने माणसांची डोकी काढते, एवढंच लोकांना माहीत. खांदे नाहीत, हात नाहीत, नुसतं डोकं, तेही दाराएवढ्या कागदावर. गल्लीने तिचं नाव मुंडकीवाली ठेवलं होतं. आमच्या गल्लीला नावं ठेवायला कुणी शिकवावं लागत नाही. तर त्या मुंडकीवालीने भावजींकडे चार डोकी फ्रेम करायला दिली होती आणि भावजींनी त्यातलं पहिलंच उचलून साफ केलं होतं. उरलेली तीन वाचली.

दोन दिवस भावजी जेवणाच्या ताटाकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "असं बसून काय होणार आहे? जा तिच्याकडे."

"जाऊन काय सांगू?"

"चुकलं म्हणा. तीन अक्षरं आहेत. फ्रेम करायला लागत नाही."

"एकट्या बाईच्या घरी मी एकटा कसा जाऊ?"

"म्हणजे मी यायचं."

"तुम्ही नुसत्या बसा. बोलेन मी."

मला कुठे जाऊन नुसती बसलेली त्यांनी कधी पाहिलं होतं देव जाणे. पण गेले.

तिने दार उघडलं तेव्हा हात कोपरापर्यंत काळे होते आणि कपाळावर एक काळं बोट उमटलेलं. आम्हाला बघून तिला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. पण आत घेतलं. खोली लांबलचक, एका भिंतीला उंच खिडक्या, शिवणयंत्रं होती तिथे जमिनीवर अजून स्क्रूची भोकं. आणि भिंतींवर डोकी. मी चौथी शिकलेली बाई, चित्रातलं मला काय कळणार. पण पहिली गोष्ट माझ्या मनात आली ती ही, की इथे आपण मोठ्याने बोलू नये, माणसं ऐकताहेत. जवळ गेले तर दिसलं की प्रत्येक डोक्यामागे आणखी डोकी आहेत. फिकट, अर्धी पुसलेली. एक मान जरा इकडे, एक जरा तिकडे. माणूस बसमध्ये डुलकी घेताना त्याची मान जशी जागा बदलत राहते तसं.

टेबलावर पावाचा तुकडा होता. भावजींना वाटलं तिचं खाणं अर्धवट राहिलं. "आम्ही नंतर येऊ," म्हणाले.

"खायचा नाही तो," ती म्हणाली. "पावाच्या मऊ भागाने कोळसा पुसतात. थोडा जातो, थोडा राहतो. मला थोडा राहायलाच हवा असतो."

भावजींचा चेहरा पडला. चाळीस वर्षं जे पूर्ण घालवायला धडपडले, ते कुणी मुद्दाम मागे ठेवत असेल हे त्यांना नवीन होतं.

मग तिने सांगितलं. वडील आजारी पडल्यावर दर आठवड्याला ती त्यांना खुर्चीत बसवायची आणि एकाच कागदावर काढायची. मागच्या आठवड्याचं पावाने पुसायची आणि त्यावरच या आठवड्याचं काढायची. पाच महिने. पहिल्या आठवड्यातलं डोकं भरलेलं, शेवटचं कवटीला कातडं लागलेलं. "तुम्ही जे ठेवलंत ते शेवटच्या आठवड्याचं," ती म्हणाली. "तेवढंच एक मला नको होतं."

मी भावजींकडे बघितलं. बोलेन मी, म्हणाले होते. ते त्या पावाच्या तुकड्याकडे बघत होते. मीच म्हणाले, "त्यांना झोप नाही दोन दिवस."

"मलाही नाही," ती म्हणाली.

यानंतर उठून घरी यायचं, एवढंच उरलं होतं. पण भावजी म्हणाले, "एकदा बघू का? हात लावत नाही."

तिने चित्र टेबलावर ठेवलं. भावजी हात पाठीमागे बांधून वाकले. मग सवयीने एक डोळा मिटून कागदाच्या कडेकडून बघू लागले, पट्टीचा बाक बघतात तसे. खाली वाकले, आणखी खाली वाकले, आता टेबलाखाली जातात की काय असं मला वाटलं.

"बाई, त्या खिडक्या बंद करता का? ही शेवटची एक अर्धी उघडी ठेवा."

तिने कपाळाला आठ्या घालत खिडक्या लावल्या. खोलीत अंधार झाला आणि त्या एका फटीतून उजेडाची तिरपी पट्टी टेबलावरून गेली.

"आता इथे या. माझ्या उंचीला वाका. दाबून काढता तुम्ही?"

"वडील हलायचे. सारखं रेडिओकडे मान वळवायचे. मग मी चिडून दाबून..."

तिचं बोलणं तिथेच राहिलं. मीही वाकले, गुडघे कुरकुरले तरी. कागदावर काळं काहीच नव्हतं, पण कागद सपाटही नव्हता. तिरप्या उजेडात बारीक चर दिसत होते. एक भरलेला गाल. त्याच्या वर चष्म्याची दांडी. एक कान, मग जरा सरकून तोच कान. सगळं नव्हतं, खोटं कशाला सांगू. हनुवटी कुठे मिळाली नाही, एक आख्खं डोकं गायबच होतं. पण पहिल्या आठवड्यातला तो गुबगुबीत गाल होता आणि तो रेडिओकडे वळलेला होता.

ती सरळ झाली आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. बराच वेळ. पाणी वाया जातंय म्हणायची माझी सवय मी त्या दिवशी आवरली.

बाहेर येऊन तिने हात पुसले. "याला फ्रेम करा," म्हणाली. "खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावेन, उजेड तिरपा येईल अशी. पण मी समोर बसेन. काच लागेपर्यंत मी हलणार नाही."

"बसा," भावजी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

अशी ती दुकानातल्या स्टुलावर बसली ती सहा वर्षं बसली. म्हणजे घरी जायची हो. पण तिचं कुठलंही डोकं दुकानात आलं की ती बरोबर यायची, स्टूल ओढायची, आणि भावजींच्या हातांवर डोळे लावायची. काम अर्धं राहिलं तर अर्धं चित्र पुठ्ठ्यात घालून परत न्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायची. एक मिनिट चित्र भावजींपाशी एकटं सोडायची नाही.

भावजींना ते फार लागायचं. वर जेवायला आले की म्हणायचे, "वहिनी, मला पोलीस चौकीत बसल्यासारखं वाटतं."

"मग दुसरीकडे जा म्हणा तिला."

"दुसरीकडे तिला प्लास्टिकची काच लावून देतील. कोळशाची पूड प्लास्टिक ओढून घेतं, फणी केसांवर घासली की कागदाचे कपटे ओढते ना, तसं. सहा महिन्यांत अर्धं डोकं काचेवर जाईल."

"मग बसू द्या तिला."

"बसू दे की. पण एकदा तरी, एकदा तरी तिने चित्र ठेवावं आणि जावं. संध्याकाळी येते काका, म्हणावं. एवढंच."

त्यांना आयुष्यात कुठल्या गोष्टीची एवढी आस लागलेली मी पाहिली नव्हती. लग्नाचीसुद्धा नाही.

तिच्या चित्रांसाठी त्यांनी वेगळ्या फ्रेमा करायला घेतल्या. खोल. काच आणि कागद यांच्यात बोटभर अंतर राहावं म्हणून आतून चारी बाजूंनी बारीक पट्ट्या. पुसायचा ब्रश तिच्या चित्रासमोर कधी बाहेर काढला नाही. खोकला आला तर रस्त्यावर जाऊन खोकायचे. आणि हळूहळू ते बाकीच्यांच्या बाबतीतही घाबरट झाले. कुणी काही फ्रेम करायला आणलं की काचेआधी एकेका डागावर बोट ठेवून विचारायचे, "हे पुसू का, की हे तुमचं आहे?"

लोक आधी हसले. एक मास्तर तर चिडले, "माझं कसं असेल? चहाचा डाग आहे तो." पण एका बाईने पोराने लहानपणी काढलेलं चित्र आणलं होतं, त्याच्या कोपऱ्यात तेलकट अंगठा उमटलेला. भावजींनी विचारलं तशी ती पुसा म्हणायला गेली आणि थांबली. "राहू दे," म्हणाली, "आता त्याचा अंगठा माझ्या मनगटाएवढा झालाय." एका म्हाताऱ्याने बायकोच्या फोटोमागचा हिशोबाचा आकडा राखायला सांगितला. म्हणे तिचं अक्षर आहे. भावजींनी त्याला मागूनही काच लावून दिली. मग लोकांना सवयच झाली. आमच्या गल्लीत अजूनही कुणी घर आवरायला काढलं की एकमेकांना विचारतात, हे पुसू का, की हे तुमचं आहे.

त्या सहा वर्षांत स्टुलावर बसून बसून ती आमच्या घरातली झाली. मला काकू म्हणायला लागली. चहा वरूनच जायचा. एकदा मी तिला विचारलं, "सगळ्या गल्लीची डोकी काढलीस, माझं का नाही?"

"तुम्ही बोलायचं थांबत नाही, काकू. तोंड कुठे काढू?"

यावर भावजी इतके हसले की रस्त्यावर जाऊन खोकावं लागलं.

मग एक दिवस ती त्यांना म्हणाली, "काका, तुम्ही बसा माझ्यासमोर."

"माझ्या डोक्यात काय आहे काढण्यासारखं?"

"आत काय आहे ते मला नको. बाहेरचं द्या."

महिनाभर त्यांनी टाळलं. नंतर दर बुधवारी दुपारी दुकान बंद करून जाऊ लागले. घरून निघताना केस ओले करून चापून बसवायचे. तिकडे काय व्हायचं ते ती येऊन मला सांगायची. म्हणे पहिले तीन बुधवार ती एकच वाक्य बोलत होती, जरा वाकडे बसा ना, काका. आणि ते म्हणायचे, बसलोय की वाकडा. चौथ्या बुधवारी त्यांना डुलकी लागली आणि मान आपोआप कलली, तेव्हा कुठे काम सुरू झालं. भावजींची तक्रार वेगळी. "ती बोलत नाही, नुसती बघते. आणि मग पाव घेते आणि पुसते. मला आत काहीतरी होतं, वहिनी. कुणी आपलं तोंड पुसतंय आणि थोडं ठेवतंय."

चार महिने चाललं. चित्र संपलं तेव्हा तिने ते त्यांना दाखवलंच नाही. एका सोमवारी सकाळी दुकानात आली, हातात दोन मोठ्या पुठ्ठ्यांत बांधलेलं ते. टेबलावर ठेवलं. भावजींनी सवयीने स्टूल पुढे सरकवलं.

"बसत नाही," ती म्हणाली. "दुपारची गाडी आहे. आठ दिवस बाहेर आहे. तुम्ही करून ठेवा."

"हे इथे?"

"इथेच. येते, काका."

आणि गेली. मी खिडकीतून बघितलं, मागे वळून सुद्धा पाहिलं नाही. खाली सामसूम. मला वाटलं आता भावजी आनंदाने वर येतील. आले नाहीत. तासाभराने हाक आली.

"वहिनी, जरा खाली या. चष्मा घेऊन या."

गेले. टेबलावर भावजी होते आणि टेबलाच्या बाजूलाही भावजी होते. टेबलावरचे जास्त खरे वाटत होते, कारण ते सरळ नव्हते. एका डोक्यात पाच-सहा डोकी, प्रत्येक थोडं वेगळीकडे कललेलं, आणि मधून तो ताठ, चापून बसवलेल्या केसांचा एक फिकट काटकोन डोकावत होता. मला आमच्या यांची आठवण आली. दोन्ही भाऊ झोपेत अगदी सारखे दिसायचे.

"काय दिसतंय?" भावजी म्हणाले.

"तुम्हीच. छान आहे."

"ते सोडा. कानशिलावर बघा. काळं."

"सगळंच काळं आहे."

"हे जास्त काळं आहे. पाय असल्यासारखे वाटतात."

मी नाक कागदाला लागेल एवढी वाकले, तर त्यांनी मला मागे ओढलं. श्वास धरून पुन्हा वाकले. एक ठिपका होता. त्याला पाय असतील, नसतीलही.

"तुमच्या कानशिलावर तीळ आहे?"

"मला कसं दिसणार? तुम्ही बघा."

मी बघितलं. नव्हता. "नाही. पण तिला काय दिसेल सांगता येत नाही."

"तेच तर. पुसू, तर ते तिचं असेल. ठेवू, तर लोक म्हणतील काटकोनाने घाण ठेवली."

"फोन करा तिला."

"आणि काय सांगू? सहा वर्षांनी एकदा ठेवून गेली आणि मी तासाभरात फोन केला?"

माणसाच्या कपाळाला घाम आलेला. दुपारचं जेवण राहिलं. ब्रश एकदा हातात घेतला, परत ठेवला. खिडकी लावून तिरपा उजेड करून पाहिला. शेवटी चार वाजता त्यांनी काच उचलली, लख्ख पुसली आणि ठिपक्यासकट बसवून टाकली. मागचा पुठ्ठा लावला, खिळे मारले. "माझं डोकं आहे," म्हणाले, "पण चित्र तिचं आहे. मी कोण ठरवणार."

आठ दिवसांनी ती आली. फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली होती. लांबून बघितली, जवळून बघितली, मग कानशिलाजवळ काचेला नाक लावलं.

"काका, हे चिलट आहे."

"मला वाटलंच."

"मग काढलं का नाही?"

"तुम्ही नव्हता विचारायला."

ती स्टुलावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले ते काळ्या हातांनी, तोंडभर कोळसा झाला.

"उघडून काढू?" भावजींनी विचारलं.

"नको. राहू दे. आता ते तुमचं आहे."

त्या दिवसापासून ती स्टुलावर बसली नाही, चहा प्यायला बसायची तेवढीच. पुढच्या महिन्यात तिने तिच्या खोलीची किल्ली आणून भावजींना दिली. म्हणाली, मी नसले तरी या, झालेलं डोकं टेबलावर ठेवलेलं असेल, घेऊन जा. भावजींनी किल्लीसाठी वेगळा खिळा ठोकला. किल्लीला खिळा लागतो का, खिशात राहते ती. पण त्यांना ती भिंतीवर, दिसेल अशी हवी होती.

तिच्या चित्रांचं पुढे मोठ्या शहरात प्रदर्शन झालं. आम्हा दोघांना तिने नेलं. पांढऱ्या भिंती, लोक हलक्या आवाजात बोलत होते, प्रत्येक डोक्यासमोर मान कलती करून उभे. सगळे चेहरे बघत होते आणि भावजी कोपरे. वडिलांचं चित्र तिने वेगळ्या खोलीत लावलं होतं, एकाच बाजूने दिवा. लोक रांगेने वाकून बघत होते. एक छान कपड्यांतली बाई भावजींच्या चित्रासमोर खूप वेळ थांबली आणि आपल्या सोबतच्या माणसाला कानशिलावरचा ठिपका दाखवून बरंच काही सांगत होती. भावजी माझ्या कानात म्हणाले, "सांगू का तिला?" मी म्हटलं, "गप्प बसा."

अशी आणखी सात वर्षं गेली. भावजींची छाती पुढे पुढे कुरकुर करायला लागली. डॉक्टरांनी दुकान अर्धा दिवस केलं, मोठ्या काचा उचलायच्या नाहीत म्हणून सांगितलं. मग ती लहान डोकी काढू लागली. तुमच्यासाठी नाही हो, म्हणायची, मला आता जवळचं बघायचंय. आम्ही दोघांनीही ते खरं मानलं.

ते गेले ते एका गुरुवारी पहाटे, झोपेत, कुणाला त्रास न देता. त्यांच्या टेबलावर एक छोटं डोकं फ्रेमशिवाय राहिलं होतं. ते तिने स्वतः फ्रेम केलं, त्यांच्याच करवतीने, आणि स्टुलावर मी बसले होते. पट्टी डोळ्यासमोर धरून बाक बघायला तिने शिकून घेतलं होतं, आम्हाला नकळत. दुकान तिनेच घेतलं. आता खाली तीच काम करते. दुपारी मी वर आडवी झाले की फळ्यांमधून कोळशाचा खरखर आवाज येतो, मधेच थांबतो. थांबला की मला कळतं, पाव घेतला.

पण ते छोटं डोकं आणायला आदल्या दिवशी, बुधवारी, भावजीच गेले होते. ती गावाला गेली होती. सकाळी नऊला त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली, दोन पुठ्ठे काखेत घेतले. मी खिडकीतून म्हटलं, "ऊन आहे, टोपी घाला." त्यांनी हात हलवला. टोपी घातली नाही. गल्लीतून हळूहळू जाताना वाटेत एकदा कुणाच्या तरी घराच्या पायरीवर बसले, दूधवाल्याशी काहीतरी बोलले. अर्ध्या तासाने परत येताना दिसले. पुठ्ठे दोन्ही हातांत आडवे धरलेले, भरलेलं ताट नेतात तसे, कारण कोळसा हलला तर झडतो. समोरून सायकल आली तर तेच बाजूला झाले. खाली दार वाजलं, पुठ्ठे टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, चारी कोपऱ्यांवर चार वजनं ठेवल्याचे चार आवाज आले, आणि जिन्याखालून हाक आली.

"वहिनी, आणलं. चहा टाका."